साधा डबा शेवटी

माझी मावशी स्टेशनवर घोषणा करते. कोणती गाडी, कोणता फलाट, कोणता डबा कुठे थांबणार. घरीही तिचा आवाज चढला की काका म्हणतात, "अगं, हळू. गाडी सुटत नाहीये."

तिच्या स्टेशनात महागडे वातानुकूलित डबे जिन्यासमोर लागतात, स्वस्तातला साधा डबा पार टोकाला. "भाडं कमी की पायपीट जास्त," ती म्हणायची. म्हणून साध्या डब्याची जागा ती नेहमी दोनदा सांगायची. त्याचा तिला अभिमान होता.

त्या दुपारच्या लांब पल्ल्याच्या गाडीला आधीच्या जंक्शनवर दुसऱ्या टोकाला इंजिन जोडलं होतं. डब्यांचा क्रम उलटा झाला होता. तसा फोनही आला. मावशी "हो, हो" म्हणाली, माइक सुरू केला, आणि जीभ रोजच्या वळणावर गेली. साधा डबा शेवटी. दोनदा.

गाडी थांबली तेव्हा शेवटी एक म्हातारं जोडपं बंद काचांच्या वातानुकूलित डब्यासमोर उभं होतं. दारातल्या माणसाने त्यांचं तिकीट पाहून पुढे बोट दाखवलं. दोघं पिशव्या सांभाळत गाडीला समांतर धावली. वरच्या खोलीच्या काचेतून हे पाहून मावशीने घाईघाईने खरा क्रम सांगितला, पण गाडी हलली होती.

ती खाली फलाटावर गेली. आजी धापा टाकत बाकावर बसली होती.

"ह्यांना ऐकू कमी येतं ना," आजी तिला म्हणाली. "त्या बाईने नीटच सांगितलं असेल."

"मी स्वच्छ ऐकलं! शेवटी म्हणाली!" आजोबा उसळले.

"हो, तुम्हीच काय ते खरे!" मग आजी मावशीकडे वळली. "उद्या सकाळी लेकीचं ऑपरेशन आहे हो. संध्याकाळच्या गाडीला म्हणे हे तिकीट चालत नाही."

मावशीला कुणी ओळखलं नव्हतं. गप्प राहून वर निघून जाता आलं असतं.

"आजोबांनी बरोबर ऐकलं," ती म्हणाली. "ती मीच."

आजोबा म्हणाले, "होतं असं, बाई."

स्टेशनमास्तरांच्या खोलीत तिने दोघांसमोर चूक सांगितली.

"फोन आला नव्हता?"

"आला होता."

त्यांनी मान वर न करता संध्याकाळच्या गाडीत दोघांना त्याच तिकिटावर बसवायची परवानगी लिहून दिली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं मावशी अजून म्हणते.

संध्याकाळी तिने क्रम पुन्हा पुन्हा विचारून घेतला. या गाडीचाही क्रम उलटा होता; त्यांचा डबा जिन्यासमोरच येणार होता. तिने सावकाश सांगितलं, दोनदा, आणि काचेतून खाली पाहिलं.

आजोबांनी कर्ण्याकडे मान वर केली. पिशवी उचलली. मग आजीला थांबायची खूण करून ते हमालाजवळ गेले आणि त्याला काहीतरी विचारलं. हमालाने जिन्याकडे हात केला, तेव्हा कुठे दोघं चालू लागली.