बूट घालून खळ्यात

रंगूबाईला माणसापुढे हात जोडताना आमच्या गावात कुणी पाहिलं नव्हतं. देवळात जोडत असेल, तेवढंच. मला विचाराल तर बरोबरच होतं तिचं.

तिची शेवंता पोलिओनं लुळी पडली, तेव्हा गाव ‘नशीब’ म्हणून मोकळं झालं. रंगूबाईनं पोरीला पाठीशी बांधलं आणि मिरज गाठली. तिथं धर्मादाय मदतीवर चालणारं मुलांचं उपचार केंद्र होतं. शेक, मालिश, व्यायाम आणि शेवटी पायांना लोखंडी पट्ट्यांचे बूट. रंगूबाई तिथंच स्वयंपाकाला राहिली, आणि शेवंता उभी राहिली.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. देणाऱ्यांच्याच घरात चूल पेटेना, तर केंद्राला धान्य कुठलं? दुष्काळ सरला, पण आखडलेला हात काही सैल होईना. पाडव्यापर्यंत ज्वारी मिळाली नाही तर मुलांना घरी धाडायचं ठरलं. घरी गेलं की व्यायाम सुटणार आणि सरळ झालेले पाय पुन्हा वाकणार. शेवंताचेसुद्धा.

ऐन सुगीत रंगूबाई पोरीला घेऊन गावात आली, ती थेट खळ्यांवर. कुणी सूपभर घातलं, कुणी तोंड फिरवलं. सगळ्यात मोठी रास हंबीररावांची. मी तिथं मळणीलाच होतो.

“भीक मागाय आलीस व्हय गं?” हंबीररावांनी विचारलं.

“भीक न्हाई आबा, बलुतं. सुतार तुमचा नांगर उभा करतोय, आमी पोरं उभी करतोय.”

माणसं हसली. हंबीरराव हसले नाहीत. “पोरीला खळ्यात येऊन घिऊ दे. पर बूट काढून. खळ्यात पायतान चालत न्हाई.”

रीत खरीच होती. खळं म्हणजे लक्ष्मी. आम्ही सगळे अनवाणीच होतो. पण बूट काढले की पोरीला रांगावं लागणार, हे त्या शहाण्याला दिसत नव्हतं? माझं डोकंच फिरलं. शेवंता बिचारी वाकून पट्टे सोडायला लागली.

रंगूबाईनं तिचा हात धरला. “काढू नगंस! रांगाय न्हाई न्हेलं तुला मिरजंला.” मग कणसं तुडवत फिरणाऱ्या बैलांकडे बोट करून ती म्हणाली, “आबा, त्यांच्या खुरास्नी काय हाय? लोखंडी पत्र्याच न्हवं? बैलाचं लोखंड लक्षुमीला चालतंय, आन माझ्या पोरीचं तेवढं इटाळतंय?”

बैल हाकणारा गडीसुद्धा थांबला. हंबीरराव वाकून बैलाच्या खुरांकडे बघायला लागले.

“जा शेवंते,” रंगूबाई म्हणाली.

खाडखाड बूट वाजवत पोर खळ्यात शिरली. मध्ये एकदा झोकांडी गेली, पण सावरली, आणि राशीपाशी जाऊन ताठ उभी राहिली. मला रडूच आलं.

पहिलं पोतं हंबीररावांनी स्वतः भरलं. मग गाडी जुंपायला सांगितली, आणि केंद्राची चूल पावसाळ्यापर्यंत चालेल एवढी ज्वारी तीत चढली. “आता तरी हात जोड की गं,” ते म्हणाले.

“बलुतेदार हात जोडत न्हाई, आबा,” रंगूबाई म्हणाली. “पुढल्या सुगीला येतो हिला घिऊन. बूट घालूनच.”