पंचनाम्याआधी धुतलेलं अंगण

"पहिले बसा भाऊसाहेब, मग काय ते लिवा," असं म्हणत मावशी खुर्चीवरून पदर फिरवायची. खुर्ची स्वच्छ असली तरी फिरवायची. डहाणूच्या किनाऱ्यावरच्या एका गावात मी तलाठी होतो आणि ती बोंबील वाळवून विकायची. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, दारात आलेल्याला उभं ठेवणं त्यांना जमतच नाही.

जीभ मात्र तिखट. एकदा मी तिचे सुके बोंबील उलटसुलट करून बघत होतो, तर म्हणाली, "बोंबील घेताय का मुलगी बघताय?" शेजारच्या बायका अशा हसल्या, की मी गुपचूप पिशवी पुढे केली. गिऱ्हाईक बघून ती मराठीवरून गुजरातीवर जायची. विवळवेढ्याच्या जत्रेत तिचा माल हातोहात खपायचा. रानशेतकडची माणसं पावसाळ्याची बेगमी तिच्याकडूनच न्यायची.

पूर्वी थंडीत पाऊस एखाद्या वर्षी यायचा. हल्ली वरचेवर यायला लागला. "हा पाऊस आता जावयासारखा झालाय," ती म्हणायची, "बोलवायची गरजच नाय."

त्या हिवाळ्यात तो आला तेव्हा तिचे वाळवणाचे बांबू टांगलेल्या बोंबलांनी भरलेले होते. होतं नव्हतं ते सगळं तिने त्या मालात घातलं होतं. दोन दिवस पाऊस पडला आणि माल सडला. पंचनाम्याचा हुकूम आमच्याकडे आला तो चौथ्या दिवशी.

आधी मी वरच्या अंगाला एका चिकूच्या वाडीत गेलो. मालक शिकलेला, कागद जाणणारा. त्याने चारही बाजूंनी फोटो काढून ठेवले होते आणि पडलेलं एक फळ उचलू दिलं नव्हतं. "या भाऊसाहेब, सगळं तसंच ठेवलंय," म्हणाला. फळबागेचा रकाना माझ्या तक्त्यात होताच. मी भराभर लिहिलं.

मग मावशीकडे. अंगण धुतलेलं, बांबू पुसलेले, दारात रांगोळीसुद्धा!

"मावशी, माल कुठाय?"

"पुरला ना सकाळीच खाडीकडे. तुम्ही येणार म्हटल्यावर दारात घाण ठेवू काय?"

"अगं, तीच घाण बघायला आलोय मी!"

ती आधी हसली. मग तिचा चेहरा उतरला. "उकरून दाखवू?" म्हणत तिने फावडं उचललंही.

मी "राहू दे" म्हणालो. पुढची घरं बाकी होती, ऊन चढलं होतं आणि वाळवणाच्या मासळीला तक्त्यात रकाना नव्हता. 'इतर' म्हणून एक होता. त्यात लिहायचं तर वर चार प्रश्न आले असते, कोण देणार उत्तरं! मी लिहिलं, 'नुकसान आढळले नाही.' तिने खाली सही केली आणि मला चहा दिला. मी तो प्यायलोसुद्धा.

पुढे बरीच वर्षं मी हा किस्सा हसत सांगायचो, की बाईने पुरावाच पुरला. लाज वाटते आता. पाऊस दोघांवर सारखाच पडला होता. ज्याला आमची रीत ठाऊक होती, तो सावरला.

मावशीला पुन्हा माल भरता आला नाही. तिने बांबू विकले आणि उधव्याकडे एका कंपनीत पॅकिंगला जायला लागली. एकदा तलासरीच्या नाक्यावर भेटली, डोक्याला कंपनीची टोपी. मी म्हणालो, "मावशी, त्या दिवशी माझं जरा..."

"जाऊ द्या भाऊसाहेब," तिने मला पुरतं बोलूच दिलं नाही. "तुम्हाला दिसलं नाय, तर तुम्ही कसं लिवणार? तुमची काय चूक?"

तेवढ्यात तिची गाडी आली. त्यानंतर ती दिसली नाही. भाचीकडे राहायला गेली म्हणतात, गाव कोणी नीट सांगत नाही.

मला दिसलं नव्हतं, हे खरं. पण 'नुकसान आढळले नाही' लिहिताना माझ्या एका हातात पेन होतं आणि दुसऱ्या हाताने मी नाकाला रुमाल लावला होता.