पस्तीस मिनिटांत मुलं बोलली चार

मुख्याध्यापिका म्हणून मी महिनाभर आमच्या शिक्षकांच्या मागे लागलेय, वर्गात आपण कमी बोलू, मुलांना बोलू देऊ. कोणी मनावर घेईना. म्हणून आज सातवीचा तास मीच घेतला आणि शिक्षकांना मागच्या बाकांवर बसवलं.

तास झाल्यावर वानखेडे सर घड्याळ दाखवत म्हणाले, "मॅडम, पस्तीस मिनिटांत पोराइले चार मिनिटं भेटले. बाकी तुम्हीच बोलून राहिल्या होत्या."

सगळे हसले, मीही हसले. मग स्टाफरूमच्या फळ्यावर मोठा चार लिहिला आणि सांगितलं, उद्या हाच तास पुन्हा माझा. घड्याळ सरांकडेच.

"परवाचा माह्या नावानं लिहा," सर म्हणाले. महिनाभरात पहिल्यांदा कोणी आपणहून नाव दिलं.

मुख्याध्यापक मंडळी, तुमच्या तासाला तुमचे शिक्षक कधी मागे बसलेत का?