बाबांच्या कानांची परीक्षा

सिनेमासाठी आवाज टिपणाऱ्या माणसाला संशय घ्यायची खोडच लागते. ही घरघर पंख्याची की वायरीची? नटाच्या खिशात किल्ल्या तर वाजत नाहीत ना? आमचं पोटच त्यावर चालतं. पण हीच खोड घेऊन मी भिवंडीला घरी आलो आणि घात केला.

दोन हजार चार-पाचची गोष्ट. एका सिनेमाला चालत्या लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, आवाज हवा होता. बाबा तिथल्याच एका कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारे. नुसत्या आवाजावरून बिघाड सांगायचे. कारखान्याच्या शेठला आधी मी वीजचोरी पकडायला आलेला वाटलो. माझे माइक आणि वायरी बघून म्हणाला, "मीटरवाला तर न्हाय ना रे तू?" बाबांनी शपथा घेतल्या तेव्हा कुठे आत सोडलं.

मला मात्र बाबांचाच संशय येत होता. घरी पाठमोरे असताना हाक मारली तर ओ देत नव्हते. टीव्हीचा आवाज एवढा मोठा की शेजारी भिंत ठोकायचे. कारखान्यात सगळेच एकमेकांचे ओठ बघून बोलतात, त्या खडखडाटात दुसरं करणार तरी काय! तिथे बहिरा माणूस कुणाला कळणार? कान गेला की जॉबरचं काम गेलं.

शेठलाही तीच शंका होती. ऑफिसचं दार लावून तो मला म्हणाला, "कोपऱ्यातल्या लूममध्ये मी मुद्दाम बिघाड करून ठेवलाय. त्याचा आवाज टिपून बापाला ऐकव. बघू ओळखतो का."

मी बाबांना हेडफोन चढवला. शेठ माझ्या पाठीमागे उभा. त्या लूमचा आवाज टिपताना मी नीट ऐकला होता. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला ठोसा देणारा पिकर ढिला झालाय, याची मला पक्की खात्री होती. बाबा डोळे मिटून ऐकत राहिले. किती वेळ लावावा माणसानं! मला धीर धरवेना. त्यांनी डोळे उघडले तसे मी आवाज न करता नुसते ओठ हलवले, पिकर.

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "पिकर."

"धोट्याच्या पेटीचा बोल्ट ढिला केलता मी," शेठ म्हणाला. त्यालाही वाईट वाटलं असावं, कारण तो बाबांकडे बघत नव्हता. "सोमवारपासून कापडाच्या घड्या घालायला बस. लूमला हात लावू नको."

रस्त्यात माझा नुसता संताप होत होता, शेठवर आणि त्याहून जास्त स्वतःवर. बाबांसमोर उभा राहून, एकेक शब्द सुटा करत मी विचारलं, "कधीपासून ऐकू येत नाही?"

"माणसांचं बोलणं कमी येतं. लूमचं समदं येतं," ते म्हणाले. "पेटीच वाजत व्हती. पण तू एवढा शिकलेला, म्हटलं माझाच कान चुकत असंल."