मामाकडच्या शेंगा

फुटबॉलवर लिहिण्याचा मला अधिकार नाही, म्हणून आधीच माफी मागतो. मी कधी बॉलला धड लाथ मारलेली नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे गल्लीतले सगळे अर्ज माझ्याकडे येतात. लिहिण्याची सवय आहे ती तेवढीच. पण माझी धाकटी बहीण स्ट्रायकर म्हणून भारताच्या संघात निवडली गेली, तेव्हा तिच्या पासपोर्टचा अर्जही मीच भरला होता, आणि पुढे जो घोळ झाला त्यात माझी चूक होती. ती कोणीतरी लिहायला हवी. बहीण लिहिणार नाही. तिला पत्रसुद्धा चार ओळींच्या वर येत नाही.

आम्ही मूळचे खानदेशातले, राहतो गुजरातेत, नवागामला. रुळांपलीकडच्या मोकळ्या जागेत ती पोरांबरोबर खेळायची. शाळेतल्या पी.टी.च्या बाईंनी पाहिलं आणि तिला राज्याच्या निवडीला नेलं. वडील कापडाच्या लूमवर बारा तासांची पाळी करतात. त्यांनी परवानगी दिली ती एका अटीवर, गल्लीत कळता कामा नये. पोरगी अर्ध्या चड्डीत परगावी खेळते म्हटल्यावर स्थळ कोण आणणार? म्हणून ती शिबिराला गेली की आई सांगायची, मामाकडे गेली. मामा खानदेशात शेती करतो. आई या कामात इतकी पक्की झाली होती, की बहीण परत आली की मार्केटातून भुईमुगाच्या शेंगा आणायची आणि मामाने पाठवल्या म्हणून चार घरी वाटायची. तीन वर्षं हे चाललं.

मग संघ परदेशी जाणार असल्याचं पत्र आलं. बहीण आधीच शिबिरात होती. ठरलेल्या तारखेपर्यंत पासपोर्ट आला नाही तर राखीव यादीतली मुलगी जाईल, असं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. तिच्या सहीचा अर्ज मी दिला. खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, पोलीस घरी चौकशीला येतील.

हे मी घरी सांगितलं नाही. पोलीस हा शब्द ऐकून वडील परवानगी मागे घेतील, अशी भीती वाटली. म्हटलं, तो येईल तेव्हा मी घरी असेन.

पोलीस आला दुपारी. मी लेक्चरला. अंगावर साधे कपडे, हातात कागद. आई शेजारच्या काकीबरोबर नळावर होती. "बेन, आ छोकरी अहीं रहे छे?" आईने एकदा काकीकडे पाहिलं आणि तीन वर्षांचं पाठ उत्तर दिलं, ती मामाकडे राहते, खानदेशात. त्याने लिहून घेतलं आणि गेला.

संध्याकाळी आई खुशीत होती. "एक माणूस वना व्हता. स्थळवाला व्हई." मी ताटावरून उठलो.

त्यानंतरचे दिवस मी एका जागी बसलोच नाही. वर्गात असलो की वाटे, चौकीत साहेब आले असतील. चौकीत बसलो की वाटे, पोस्टमन येऊन गेला असेल. शेवटी एका जमादाराने कागद काढून दाखवला. "भाई, तमारी मम्मीए ज लखाव्युं छे. आ सरनामे रहेती नथी." या पत्त्यावर ती राहत नाही, हे आईनेच सांगितलेलं; दुरुस्ती हवी असेल तर आईचा जबाब लागेल आणि ती इथेच राहते म्हणून दोन शेजाऱ्यांच्या सह्या.

म्हणजे गल्लीला सांगणं आलं.

घरी सगळं सांगितलं. वडील पायाचा अंगठा चोळत होते. "तुले माहीत व्हतं, पोलीस येवाव शे?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे पाठ केली. मग आईला म्हणाले, "मामानं सोंग पुरं व्हयनं आते. गल्लीले सांगी टाक."

सकाळी आई काकीच्या दारात गेली. मी मागे कागद घेऊन. काकी सुपात तांदूळ निवडत होती.

"काकी, पोर मामाकडे नव्हतीच. बॉल खेळस ती. आते परदेशात खेळाले जाई."

"व माय! तीन वरीस?" काकीने सूप खाली ठेवलं. "मंग त्या शेंगा?"

"मार्केटन्या."

"तरीच म्हनू, तुन्हा भाऊना वावरमा इतक्या खवट शेंगा कश्या पिकतस!" मग माझ्याकडे वळून, "आण रे भाऊ, अंगठा कोठे देवाना ते दखाड." अंगठा उठवून झाल्यावर ती म्हणाली, "माले माहीतच व्हतं. ती चड्डी दोरीवर वाळे, ती माले दिखे नही का?"

दुसरी सही काकीच्या यजमानांनी केली.

चौकीत आई पहिल्यांदाच आली. पदर घट्ट धरून म्हणाली, "मी खोटं बोलनू, साहेब. पोर मन्ही शे, आठे घरमाच राहस." मी त्याचं गुजराती करून सांगितलं, खोटं हा शब्द तेवढा गाळून. आईला ते कळलं. "पुरं सांग," ती म्हणाली. मी पुरं सांगितलं. जमादाराने मान वर न करता लिहून घेतलं.

पासपोर्ट आला तेव्हा चार दिवस उरले होते. वडिलांनी पाळी सोडली, बंडीच्या आतल्या खिशात तो ठेवला आणि गाडीने शिबिराच्या गावी नेऊन दिला. परत येऊन एवढंच म्हणाले, "वाळी गयी पोर."

त्यानंतर काहीच नाही. कॉलेजच्या वाचनालयात मी रोज सगळे पेपर चाळायचो. क्रिकेट, हिरे, कापडाचे भाव. मुलींच्या फुटबॉलची एक ओळ नाही. विमान पोचलं का, ती खेळली का, की नुसतीच बाकावर बसली, काही कळेना. काकी नळावर रोज हाक मारायची, "काय, मामाना कागद वना का?" आई हसायची. मला हसू येत नसे.

एका दुपारी परदेशी तिकिटाचं पोस्टकार्ड आलं. आईने मला नळावर उभं करून ते मोठ्याने वाचायला लावलं. शिक्का बारा दिवसांपूर्वीचा होता.

"दादा, दुसऱ्या मॅचला शेवटची वीस मिनिटं खेळले. आपण हरलो. माझा एक बॉल खांबाला लागून बाहेर गेला, डोळे मिटले की तोच दिसतो. परवाच्या मॅचला पहिल्यापासून उतरवणार, असं सर म्हणाले."

ती परवाची मॅच होऊन दहा दिवस झाले होते.