समधीण नाचली पाहिजे

पांढुर्ण्यात माझं डीजेचं दुकान आहे. दुकान म्हणजे रस्त्यावरची एक खोली, आत स्पीकरचे काळे बॉक्स एकावर एक रचलेले, बाहेर पिकअप उभी. लग्नसराईत ही पिकअप सौंसर, मोहगाव आणि मधल्या सगळ्या खेड्यांत फिरते. लोकांना वाटतं, डीजेवाल्याचं काम म्हणजे गाणी लावणं. गाणी आता कोणीही लावतो. मला बोलावतात ते माझ्या तोंडासाठी. माईक हातात आला की मी कोणालाही नाचवू शकतो. मास्तर असो, गुडघे धरून बसलेली आत्या असो, कोणाची लाज कुठे मोडते ते मला बरोबर समजतं. या गुणाचा मला बरेच दिवस गर्व होता.

गाडीवर उभं राहिलं की वरात वरून दिसते. खालून ती कशी दिसते, ते मी आता विसरलो. वरून दिसतात घामानं निथळणारी टकलं, पाठीला चिकटलेले सदरे, फेसाच्या फवाऱ्यानं माखलेले कान. बॉक्सच्या जाळीवर तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या पिचकाऱ्या पडतात. कोणीतरी चाकाशी वाकून ओकतो आणि तोंड पुसून पुन्हा नाचायला लागतो. एकदा एकानं माझा पाय धरून मला खाली ओढलं होतं, त्याच्या आवडीचं गाणं दुसऱ्यांदा लावलं नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी रॉकेलच्या बोळ्यानं जाळ्या पुसताना मला किळस यायची, पण ती त्या लोकांची यायची. स्वतःची किळस येण्याची वेळ त्या लग्नात आली.

वैशाखातलं लग्न होतं. नवरदेव सौंसरचा, नवरी मोहगावकडच्या एका खेड्यातली. मला नवरदेवाकडच्यांनी ठरवलं होतं. वऱ्हाडाचा जानवसा गावच्या शाळेत होता. मुहूर्त गोरज. मारुतीच्या देवळापासून वरात निघाली तेव्हा ऊन अजून अंगावर चावत होतं, आणि मंडप काही फार दूर नव्हता. एखादी म्हातारी काठी टेकत जाईल एवढा रस्ता. तेवढ्याला आम्ही दीड तास लावला.

लावला तो नवरदेवाच्या मामानं. लग्नात मामाला मान असतो, आणि या मामाला तो पुरत नव्हता. पांढरी सफारी, गळ्यात साखळी, हातात रुमाल. दर दहा पावलांवर तो गाडीपुढं आडवा उभा राहायचा आणि वर बघून ओरडायचा, "आवाज वाढव ना बे! गावाले समजलं पाहिजे कोण आलं ते!"

मी वाढवायचो. कौलं थरथरायची, गोठ्यातली जनावरं दावं ताणून ओरडायची.

मंडपाच्या दारात नवरीकडचे केव्हाचे उभे होते. नवरीची काकू आरतीचं ताट घेऊन पुढं होती. वाऱ्यानं निरांजन विझायचं, ती पुन्हा लावायची. भटजींचा माणूस दोनदा येऊन गेला. नवरदेव घोड्यावरून उतरणार, एवढ्यात मामानं लगाम धरला.

"समधीण कुठं आहे?" तो म्हणाला. "समधीण नाचल्याबिगर नवरदेव उतरत नाही!"

पोरं हसली. मोबाईल वर झाले. मामानं माझ्याकडे बघून हात हलवला, आणि मी माईक उचलला. कोणी मला तसं सांगितलं नव्हतं. हात हलवला, एवढंच.

"समधीण नाचली पाहिजे!" मी म्हणालो.

"नाचली पाहिजे!" खालून आवाज आला.

मग मी त्याला ताल दिला. खाली बास, वर माझी हाळी, आणि दीडशे माणसांचं उत्तर. असं काही जमलं की अंगात वीज येते, हे मी खोटं कशाला बोलू?

समधीण म्हणजे विहीण, नवरीची आई. ती मागं पाण्याच्या टाक्यांपाशी उभी होती. साधी निळसर साडी, डोक्यावर पदर. बाया तिला कोपरानं ढोसत होत्या आणि ती नाही नाही म्हणत हसत होती. बाईमाणसाला लोकांपुढं हसावं लागतं, तसं. वरून मला तिचं मोकळं कपाळ दिसत होतं. त्यामुळे ती विधवा आहे हे मला समजलं नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही. नवरदेवाला ओवाळायला ती चालत नव्हती, म्हणून तिच्याच मुलीच्या लग्नात तिला मागं उभं केलं होतं, आणि ताट जावेच्या हातात दिलं होतं. नाचायला मात्र ती चालत होती.

नवरीचा काका हात जोडून मामापुढं आला. "मामाजी, मुहूर्त निघून चालला. पोरीले हार घेऊन बसवून ठेवलं आहे."

"जाऊ द्या ना. एक ठुमका मारला तं काय झिजते तिचं?" मामा म्हणाला. नवरदेव घोड्यावरून स्वतःच्या मोबाईलमध्ये हे सगळं टिपत होता.

तेव्हा ती बाई गर्दीतून वाट काढत निघाली. मला वाटलं, नाचायला आली. ती आली माझ्या गाडीपाशी. फळकुटाला धरून टाचा उंच केल्या, आणि हातानं मला खाली वाक म्हणाली. मी आवाज कमी करून वाकलो. तिच्या तोंडाला वेलचीचा वास होता.

"भाऊ," ती म्हणाली, "पोरीच्या बाबाले जाऊन वर्ष नाही झालं अजून. माह्यानं नाही होत हे. तुमच्या हाती माईक आहे, तुमचं आयकतील ते. वळवा ना त्याईले दुसरीकडे."

एवढंच. मी सरळ उभा राहिलो. गाणं खाली होतं, सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. जनरेटरची घरघर तेवढी ऐकू येत होती. त्या वेळी माझ्यापाशी म्हणायला शंभर गोष्टी होत्या. नवरदेवाच्या दोस्तांना पुढं बोलावता आलं असतं. मामालाच नाचवता आलं असतं, तो तर एका शब्दावर नाचला असता. लोकांचं लक्ष वळवणं हाच तर माझा धंदा. पण मी गप्प झालो की गर्दी थंड होते, आणि थंड गर्दीची मला भीती वाटते. माझं तोंड आपोआप उघडलं.

"ऐका, ऐका!" मी म्हणालो. "समधीणबाई स्वतः फर्माईश घेऊन आल्या आहेत! जोरात टाळ्या!"

शिट्ट्यांनी कान बधिर झाले. मी गाणं सोडलं.

तिनं वर बघितलं. रागानं नाही. एखाद्या माणसाला आपण दुसराच कोणी समजून हाक मारतो आणि तो वळून बघतो, तेव्हा आपला चेहरा होतो तसा तिचा झाला होता. मग पोरांनी तिच्याभोवती गोल केला. तिनं पदर दातात धरला, दोन्ही हात खांद्यापर्यंत नेले आणि जागच्या जागी दोन गिरक्या घेतल्या. एक चप्पल निघाली, ती कोणीतरी पायानं उडवली. मामा रुमाल हलवत, पोट पुढं काढत तिच्याभोवती फिरला. तिच्या अंगाला अंग लागेल इतका जवळ. ती आकसत गेली आणि लोकांना तेही नाचणंच वाटलं. माझ्या धंद्यातल्या जोडीदारानं गाडीवरून सगळं सुरुवातीपासून मोबाईलमध्ये घेतलं.

लग्न लागलं. मंडपामागं आम्हाला जेवायला बसवलं. वाढायला आली ती तीच. हातात वांग्याच्या भाजीची बादली.

"पोळी आणू का अजून?" तिनं विचारलं. माझ्याकडे बघून, सगळ्यांना विचारलं तसंच. पायात वेगवेगळ्या चपला होत्या. मी मान खाली घालून जेवलो. पानात काही टाकलं नाही. तिच्यासमोर टाकता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी जोडीदारानं तो व्हिडिओ आमच्या पेजवर टाकला. 'समधीणबाईची फर्माईश', वर हसणारी तोंडं. मी तो पाहिला आणि काढ म्हणालो नाही. त्यावरून लोकांचे फोन येत होते, आणि फोन आलेले मला आवडत होते.

आषाढात लग्नं संपतात. दुकानात मी बॉक्स उघडून साफ करत बसलो होतो, तेव्हा दारात मोटारसायकल थांबली. मागून एक मुलगी उतरली. हिरव्या बांगड्या, नवं मंगळसूत्र. पुढं बसलेला तिचा नवरा उतरला नाही. तो हँडलवर हात ठेवून रस्त्याकडे बघत राहिला.

"ओळखलं का?" ती म्हणाली. "मोहगावकडचं लग्न. समधीणबाईची पोरगी मी."

मी उठून उभा राहिलो. काही न विचारताच मोबाईल काढला आणि तिच्यासमोर तो व्हिडिओ पेजवरून काढला. "पाहा, गेला."

"तुमच्याकडून गेला. बाकी सगळ्यायच्या मोबाईलमधी आहे ना." ती आत आली. "मामाजी आले का जेवताना लावतात. म्हणतात, नवरा जाऊन वर्ष नाही झालं तं समधीणबाई फर्माईश घेऊन पयाली डीजेपाशी. सासूबाईही हासतात."

मी मोबाईल खिशात ठेवला.

"त्या दिवशी मी खोलीत होती," ती म्हणाली. "बाशिंग बांधून. माईकवर तुमचा आवाज आला. मले खरं वाटलं. बाबा गेल्यावर आई भांड्याचा आवाज होऊ देत नव्हती घरात. आन् माह्या लग्नात अशी वागली, असं वाटलं मले. विदाईच्या वेळी मी तिच्या गळ्यात नाही पडली. फोन आला तरी धड बोलली नाही आजपर्यंत." मग तिनं सरळ माझ्याकडे बघितलं. "व्हिडिओत आई तुमच्यापाशी येऊन काही तरी बोलते. काय बोलली ते?"

खोटं बोलायला एक क्षण होता. आठवत नाही म्हणालो असतो तर ती निघून गेली असती. मी सांगितलं. शब्दन्‌शब्द सांगितलं, कारण ते शब्द मला पाठ होते.

ती खाली पडलेल्या एका रिकाम्या बॉक्सवर बसली. रडली नाही. बांगड्या मागंपुढं करत राहिली. बाहेर नवऱ्यानं एकदा हॉर्न वाजवला.

"हे तुमी आमच्या घरी येऊन सांगा," ती म्हणाली.

"फोनवर सांगतो. तुमच्या सासऱ्याला आत्ता लावतो."

"फोनवर नाही. सगळे बसले असले का या. मामाजी राहतात रविवारी."

मी रविवारी सौंसरला गेलो. जाताना मनात चांगली चांगली वाक्यं जुळवली. माझ्यासारख्याला ते अवघड नाही. घरात सगळे जेवून उठले होते. सासरा, सासू, नवरदेव, आणि पलंगावर लोळून दात कोरणारा मामा. मला बघून मामा खूश झाला. "अरे, आपला डीजेवाला! या, या!"

सुनेनं मला पाणी आणून दिलं आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. जुळवलेली वाक्यं निघून गेली. मी म्हणालो, ती फर्माईश खोटी होती. बाई नाही म्हणायला माझ्याकडे आली होती. वर्ष झालं नाही, माझ्याच्यानं होत नाही, लोकांना वळवा, असं तिनं सांगितलं. मी त्याचं उलटं केलं. तुम्ही हसता ते माझ्या खोट्यावर हसता.

सासूनं पदर नीट केला. मामानं दात कोरायचं थांबवलं, काडी बघितली, आणि अगदी साधेपणानं विचारलं, "मंग माईक तं तुमच्याच हातात होता. तवा कायले नाही सांगतलं?"

त्या माणसाच्या तोंडाची मला शिसारी होती. पण त्या घरात त्या दिवशी बोललेलं सगळ्यांत खरं वाक्य त्याच्या तोंडून निघालं.

नवरदेव उठला. मामाचा मोबाईल पलंगावर होता, तो उचलून त्यानं मामाच्या हातात दिला. "काढा तो," म्हणाला. मामा बडबडला, मजाक होता, मजाकही समजत नाही कोणाले. पण काढला. मग नवरदेवानं स्वतःचाही काढला. बाकीच्यांच्या मोबाईलमधलं कोण काढणार?

मुलगी तोवर मागच्या आंगणात गेली होती. फोन कानाला होता. भिंतीपलीकडून तिचं "आई, जेवली का?" ऐकू आलं, आणि पुढचं काही ऐकू आलं नाही. मी तिथं थांबावं असं काही नव्हतं.

तिच्या आईकडे मी गेलो नाही. दोनदा मोहगावच्या फाट्यापर्यंत जाऊन परत आलो. धंदाही सोडला नाही. पुढच्या सराईत पहिल्याच लग्नात कोणीतरी खालून ओरडलं, "समधीण नाचली पाहिजे!" हाळी मीच दिलेली, आता ती गावोगाव झाली आहे. मी माईक बंद करून खिशात ठेवला, आणि लोकांनी माझ्याशिवायच ती पुढं चालवली.