देवबागचं गोडं पाणी

तारकर्ली मागे पडल्यावर हरीभावजींनी मशीनची जड बॅटरी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. रिक्षा वाटेतच बंद पडली होती, म्हणून भावजी, आमचे हे आणि मी असे तिघं सामान घेऊन चालत देवबागला निघालो होतो.

हरिश्चंद्र म्हणजे आमच्या ह्यांचे आतेभाऊ. जमिनीत वीज सोडून, मशीनवर आकडे बघून, विहीर कुठे खणायची ते लोकांना सांगतात. फोंडाघाटापर्यंत त्यांना बोलावणी असतात. त्यांचं स्वतःचं देवबागचं घर मात्र बंद. तिथली विहीर खारी झाली तशा त्यांच्या आई, म्हणजे आमच्या आत्या, वालावलीला माहेरी, आमच्याकडे आल्या. रोज तिन्हीसांजेला विचारतात, "हरी, घराक कधी जावया रे?"

दुसऱ्यांच्या जमिनीत सळी ठोकण्याआधी भावजीच देवाला गाऱ्हाणं घालतात. स्वतःचं स्वतः कसं घालणार? म्हणून घरामागच्या परड्यात नारळ ठेवून आमचे हे उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या घराक बरकत दी, ह्याचा लगीन होवंदे..."

"होय म्हाराजा," मी म्हटलं.

"अरे, पाण्याचा सांग, पाण्याचा!" भावजी म्हणाले. "बायल इली तरी ती पितली काय?"

मग काम सुरू झालं. खाऱ्या पाण्यातून वीज सहज जाते, गोडं पाणी तिला अडवतं. म्हणून आकडा मोठा तर आशा. सळ्या जितक्या लांब रोवाव्या तितकी वीज खोल उतरते. एका बाजूची वायर माझ्याकडे, दुसऱ्या बाजूची ह्यांच्याकडे.

पहिला आकडा मोठा आला.

"गावला?" हे ओरडले.

"ती वयली सुकी रेव. थांब रे."

आम्ही सळ्या आणखी लांब नेल्या. आकडा टिकला. भावजी मशीनवरून मान वर करीनात. मी मनात वालावलीच्या लक्ष्मीनारायणाला हात जोडले. पुढच्या खेपेला आकडा एकदम कोसळला. सळ्या मातीला नीट लागल्या नसतील म्हणून त्यांनी बुडाशी पाणी ओतून पुन्हा बघितलं. तेच. खाली सगळं खारं.

वायर गुंडाळून झाल्यावर ते बंद दारापाशी गेले. पण कुलूप त्यांनी उघडलं नाही. मग आत्यांच्या वृंदावनातली तुळस त्यांनी हाताने चाचपली. पानं गळून गेली होती, वाळक्या मंजिऱ्या तेवढ्या उरल्या होत्या. त्या खुडून त्यांनी माझ्या ओंजळीत घातल्या.

"वयनी, ह्यो तुमच्या वृंदावनात पेरशीत? आईक आता थंयच दिवो लावूचो लागतलो."